तिने ‘खरं सांग’ म्हटलंय, आता काय सांगू?

(एका वाचक मैत्रिणीचं पत्र. ओळख पटू नये म्हणून गावं आणि काही तपशील बदललेत, पत्र बरंच मोठं होतं ते थोडक्यात देतेय.)

‘मी सत्तावन्न वर्षांची, सहकारी बँकेतून रिटायर झालेली, सांगलीकडची. सात-आठ वर्षांपूर्वी एका दिवाळी अंकात एक कथा वाचली, एसटीतून निवृत्त झालेल्या कंडक्टरची. रात्री जेवणं झाली की तो खिशातली चिल्लर ताटात काढून रुपयाच्या, दोनाच्या गड्ड्या लावत बसतो, हिशोब जुळला की मगच दिवा घालवतो. बायको काही बोलत नाही, फक्त दुसऱ्या दिवशी वाण्याकडून मुद्दाम सुटे आणून त्याच्या शर्टाच्या खिशात टाकून ठेवते. अंकात लेखिकेचा नंबर होता, मी मेसेज केला, तिचा रिप्लाय आला आणि तिथून मैत्री झाली. ती मराठवाड्यात शिक्षिका आहे, माझ्याहून वीस वर्षांनी लहान, मला मावशी म्हणते. आता तिची प्रत्येक कथा बाहेर जायच्या आधी मला येते. मी दर वेळी “खूप छान”, “डोळ्यात पाणी आलं” असं लिहायचे आणि ते खरंच असायचं.

गेल्या वर्षी तिच्या दोन कथा साभार परत आल्या, मग कितीतरी महिने तिने काही लिहिलंच नाही. मी विचारत राहायचे, नवीन काय लिहितेस. आता तिने एक कथा पाठवलीय, महिनाअखेर एका दिवाळी अंकाला द्यायचीय. खाली लिहिलंय, “मावशी, या वेळी खरं सांग हं. तू आहेस म्हणून लिहिते, नाहीतर कधीच सोडलं असतं.” आणि मला ती कथा आवडली नाही. सासू-सुनेची आहे. सासू पहाटे उठून सुनेच्या डब्यातली भाजी गुपचूप बदलते आणि सून संध्याकाळी रिकामा डबा घासून पालथा घालते, बोलत काहीच नाही, तिथपर्यंत मी अगदी गुंतले होते. मग सासू दवाखान्यात जाते आणि दीड पानात दोघींचं सगळं मिटतं. “घरी पाहुणे आहेत, निवांत वाचते” असं कळवून आठ दिवस झाले, पाहुणे वगैरे कोणी नाही. मी साधी वाचक, मला समीक्षा कळत नाही. खरं सांगितलं आणि तिने लिहिणंच सोडलं तर? आणि खोटं बोलले तर मलाच चैन पडणार नाही.’

उत्तर:

तुमचं पत्र वाचताना मी त्या चिल्लरच्या गड्ड्यांपाशी थांबले. ती कथा मी वाचलेली नाही, तरी तो माणूस आणि त्याची बायको मला दिसली, कारण तुम्ही ती आठवणीतून इतक्या नीट सांगितलीत. सात-आठ वर्षांपूर्वी वाचलेली कथा, आणि बायको सुटे कुठे ठेवते तेसुद्धा तुमच्या लक्षात आहे. आता मला एक सांगा, हे सगळं असंच्या असं तुम्ही तिला कधी लिहिलंत का? का तिला तेव्हा “खूप छान” गेलं आणि हे सगळं तुमच्याकडेच राहिलं? मला वाटतं राहिलंच असेल, बहुतेकांचं राहतं, आपल्याला वाटतं लेखिकेला तर माहीतच आहे ना तिने काय लिहिलंय, ते तिलाच परत काय सांगायचं. पण तिला तेच माहीत नसतं. तिने काय लिहिलं ते तिला ठाऊक असतं, त्यातलं तुमच्यापर्यंत काय पोचलं हे तुम्ही सांगितल्याशिवाय तिला कळायला दुसरा मार्गच नाही.

म्हणून माझं उत्तर आधीच सांगून टाकते. खरं सांगा, आणि या आठवड्यात सांगा, कारण महिनाअखेरच्या आत तिच्या हाताशी थोडे दिवस तरी उरायला हवेत. फक्त “कथा आवडली नाही” एवढंच लिहून पाठवू नका, कारण ते अर्धवट आहे आणि तुमच्याच पत्राप्रमाणे पाहिलं तर पूर्ण खरंही नाही. डब्यापर्यंत तुम्ही गुंतला होतात, म्हणजे कथेचा मोठा भाग तुम्हाला आवडलाय, आणि नंतर कुठे सुटलात ती जागासुद्धा तुम्हाला बरोबर माहितीये. “मला समीक्षा कळत नाही” असं लिहिताय पण त्याच्या चार ओळी आधी तुम्ही ती करून मोकळ्या झालात की! कुठे गुंतले, कुठे सुटले, एवढं ज्याला सांगता येतं तो लेखकाच्या फार कामाचा वाचक असतो, त्याला रूपबंध आणि आशयद्रव्य असले शब्द आले नाहीत तरी काही अडत नाही.

आता तुमच्या भीतीकडे येऊ. खरं सांगितलं तर ती मोडेल, हे तुम्ही जवळजवळ धरूनच चालला आहात, आणि प्रोत्साहन म्हणजे कौतुक हेही. या दोन्ही गोष्टी जरा तपासून बघा असं मला म्हणायचंय.

रशियन कथालेखक चेखॉव्हचं एक उदाहरण आहे जे मला या बाबतीत नेहमी आठवतं. १८८६ साली तो सव्वीस वर्षांचा होता, डॉक्टरकी करता करता विनोदी साप्ताहिकांना भराभर छोट्या कथा लिहून द्यायचा, त्यावर घर चालायचं, आणि त्यातल्या बऱ्याच ‘चेखाँते’ या टोपणनावाने छापून यायच्या. मार्च महिन्यात त्याला ग्रिगोरोविच नावाच्या एका ज्येष्ठ लेखकाचं पत्र आलं. दोघांची ओळख नव्हती, म्हाताऱ्याने कथा वाचल्या आणि राहवलं नाही म्हणून लिहिलं. तुझ्यात खरी प्रतिभा आहे असं त्यात होतंच, पण त्याच पत्रात हेही होतं की ही घाईची लिखाई सोड, पैशाची ओढाताण झाली तरी चालेल पण नीट वेळ देऊन लिही, आणि स्वतःच्या नावाने लिही. यावर चेखॉव्ह मोडला नाही. त्याने उलट पत्र पाठवलं, आणि त्यात कबूल केलं की एका कथेवर आपण एका दिवसापेक्षा जास्त वेळ घालवल्याचं आपल्याला आठवत नाही, आणि तुम्हाला आवडलेली ती शिकाऱ्याची कथा तर मी नदीवर आंघोळीला गेलो असताना तिथल्या खोपटात बसून लिहिली. त्या पत्राने तो अक्षरशः हलला होता आणि त्यानंतर त्याच्या लिहिण्यात जो ठहराव आला तो आपल्याला माहितीये. आता ग्रिगोरोविच स्वतः मोठा लेखक होता हे मला मान्य आहे, त्याच्या शब्दाचं वजन तेवढं होतं, पण नुसतं कौतुक करणारे चेखॉव्हला तेव्हाही कमी नसतील, त्याला लागलं ते हे की कुणीतरी इतक्या बारकाईने वाचलंय की माझी घाईसुद्धा त्याला दिसली. तुम्हालाही त्या दीड पानातली घाई दिसलीय.

आपल्याकडे कथाकार जी. ए. कुलकर्णी आणि लेखिका सुनीताबाई देशपांडे यांचा पत्रव्यवहार आहे, तो पुस्तकरूपात दोन्ही बाजूंनी वाचायला मिळतो. जी.ए. धारवाडला कॉलेजात इंग्रजी शिकवायचे, सभा-समारंभांपासून लांब राहणारे, आणि सुनीताबाई तर स्पष्टवक्त्या म्हणूनच प्रसिद्ध. ती मैत्री मुख्यतः कागदावरच झाली आणि वाढली. तुम्ही कधी ती पत्रं हातात घेतलीत तर बघा, त्यात एकमेकांची पाठ थोपटण्यात फार कमी जागा गेलीय, काय वाचलं, काय पटलं, काय नाही, माणसं कशी वागतात, हे सगळं आहे. मला त्या पत्रांतून एवढं नक्की वाटतं की लेखकाला बरं वाटतं ते आपल्याशी कोणी बरोबरीने बोलतंय याने.

आणि तुमच्या लेखिकेने स्वतःच “या वेळी खरं सांग हं” लिहिलंय ना, ते ‘या वेळी’ नीट बघा. कथा लिहून झाल्यावर ज्याला शेवटाबद्दल शंका नसते तो असं लिहीत नाही, तो म्हणतो वाच आणि कळव. मला तरी असं दिसतं की दवाखान्याची ती दीड पानं तिलाही कुठेतरी खटकतायत आणि दोन कथा परत आल्यामुळे तिचा स्वतःच्या खटकण्यावरचा विश्वास गेलाय. कदाचित शेवट गोड केला की अंकवाले घेतील असाही विचार तिने केला असेल. परत आलेल्या कथेनंतर माणूस असे हिशोब करायला लागतो, त्यात तिची चूक नाही. अशा वेळी तुम्ही “खूप छान” म्हणालात तर तिला काय कळेल, की मावशीलासुद्धा फरक दिसत नाही, चिल्लरच्या गड्ड्यांची कथा आणि ही, दोन्ही सारख्याच. ते तिला जास्त एकटं पाडेल असं मला वाटतं.

काही न बोलता राहणं हाही एक पर्याय असतो, पण तुमच्या बाबतीत तो आता राहिलेला नाही. आठ दिवसांची शांतता ती रोज वाचतेय. मेसेज वाचल्याच्या निळ्या खुणा दिसल्या असतील, पाहुणे एवढे दिवस राहत नाहीत हे तिलाही कळतं. फोनवर सांगावं का? माझं मत लिहूनच पाठवा, कारण फोनवर तिला लगेच “हो मावशी, बरोबर आहे” म्हणावं लागेल, बरं वाटत नसलं तरी आवाज बरा ठेवावा लागेल. लिहिलेलं ती एकटी असताना वाचेल, दोनदा वाचेल, हवं तर रात्री चिडेल आणि सकाळी परत बघेल. फोन त्यानंतर.

काय लिहायचं, तर मी नमुना देते, पण भाषा तुमचीच ठेवा:

‘अगं, उशीर झाला, कथा दोनदा वाचली. पाहुणे नव्हते, कसं लिहू ते सुचत नव्हतं. डब्याचा प्रसंग डोक्यातून जात नाहीये. ती डबा घासून पालथा घालते तिथे मी थांबले आणि मागे जाऊन परत वाचलं. दवाखान्यापासून पुढे मात्र मी भराभर वाचत गेले, दोघी इतक्या लवकर एकमेकींशी कशा बोलायला लागल्या ते मला पटलं नाही, मला त्या अजून गप्पच हव्या होत्या. तुझ्या मनात तिथे काय होतं? आणि हो, तुझ्या कंडक्टरची बायको त्याच्या खिशात सुटे ठेवते ते मला अजून आठवतं, तेव्हा नुसतं खूप छान लिहिलं होतं, आज सांगते.’

यात बघा, “कथा फसली” असं कुठे नाही, कारण तो निकाल झाला आणि निकाल द्यायला तुम्हाला कोणी बसवलेलं नाही. “मी भराभर वाचत गेले” हे तुमच्याबद्दलचं वाक्य आहे, त्याच्याशी वाद घालता येत नाही आणि त्याने फारसं लागतही नाही. शेवट असा कर, तसा कर हेही नाही. ते टाळाच, वाचकाने दुखतं कुठे ते सांगावं, औषध लेखिकेला शोधू द्यावं, कारण कधी कधी खटकतं शेवटी आणि दुरुस्ती लागते सुरुवातीलाच, ते तिलाच कळणार. कदाचित सासूच्या मनातली एखादी गोष्ट तिने पहिल्या पानावर सांगायची ठेवली असेल आणि राहून गेली असेल. तुम्ही प्रश्न विचारलात की ती बोलायला लागेल आणि बोलता बोलता तिचं तिलाच सापडेल.

आता जरा अवघड गोष्ट. “तू आहेस म्हणून लिहिते” हे वाक्य. किती प्रेमाने लिहिलंय ते मला समजतं आणि तुम्हाला ते वाचून भरून आलं असणार. पण तुमची झोप ज्याने उडालीय ते हेच वाक्य आहे, कथा नाही. एका माणसाचं लिहिणं चालू राहणं हे दुसऱ्या एका माणसाच्या हो-नाहीवर, हे ओझं कुणालाच झेपत नाही, तुम्हालाही नाही आणि खरं म्हणजे तिलाही नाही. आणि ते खरंही नाही. कंडक्टरची कथा तिने लिहिली तेव्हा तुम्ही कुठे होतात? सांगलीला, बँकेत, तिला तुमचं नावही माहीत नव्हतं. तुमच्या शिवाय तिने ती लिहिली आणि उत्तम लिहिली. हे तिला एकदा नक्की सांगा, शब्दाला शब्द सांगा, कारण याहून मोठा आधार तुम्ही तिला देऊ शकणार नाही.

त्याच्या जोडीला, ते “नवीन काय लिहितेस” विचारणं थोडे दिवस बंद करून बघा. तुम्ही मायेने विचारता, पण ज्याचं लिहिणं अडलंय त्याला तो प्रश्न लग्न ठरत नसलेल्या मुलीला “मग, कधी?” विचारल्यासारखा लागतो. शाळा कशी चाललीय विचारा, पेपर तपासून झाले का, काय वाचतेयस. तुम्ही वाचलेलं काही चांगलं असेल तर त्याबद्दल लिहा. तिच्या कथेशिवाय तुमचं-तिचं बोलणं होतं हे तिला दिसू द्या.

आणि एक प्रश्न तुम्हालाही विचारते, रागावू नका. तिने लिहिणं सोडलं तर, ही भीती सगळी तिच्यासाठीच आहे का? आठ वर्षं कुणीतरी आपलं लिहिलेलं सगळ्यात आधी तुमच्याकडे पाठवतंय, ही साधी गोष्ट नाही. नोकरी संपल्यावर दिवस मोकळे होतात आणि अशी एक जागा, जिथे आपलं मत कुणालातरी लागतं, ती फार मोलाची होते. ती जाऊ नये असं वाटणं अगदी रास्त आहे, त्यात लाजण्यासारखं काही नाही. फक्त ती भीती ओळखून वेगळी ठेवा, म्हणजे मेसेज लिहिताना ती मध्ये येणार नाही. माझ्या मते तुमची जागा जाणार नाही, पक्की होईल, कारण पुढच्या वेळी तुम्ही “मस्त जमलीय” म्हणाल तेव्हा तिला ते खरं वाटेल.

समजा तिला लागलंच, चार दिवस उत्तर नाही आलं, तर “रागावलीस का” असे मेसेज पाठवू नका, तिला तुमची समजूत काढायचं काम लावू नका. थांबा. समजा तिने खरंच काही काळ लिहिणं थांबवलं, तर शिक्षिकेच्या मागे शाळा असते, घर असतं, निवडणुकीच्या ड्युट्या असतात, त्याची शंभर कारणं असतील. तुमच्या एका प्रामाणिक वाक्यावर ते बिल फाडू नका.

परत आलेल्या कथांबद्दलही तिच्याशी एकदा मोकळं बोला. कथा परत येते म्हणजे वाईटच असते असं नाही, अंकाची पानं भरलेली असतात, त्याच विषयावरची दुसरी कथा आधी घेतलेली असते. श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन संपादक असताना ‘सत्यकथा’ मासिकातून तर चांगल्या चांगल्यांच्या कथा सूचनांसकट परत जायच्या आणि लेखक त्या परत लिहून पाठवायचे. आज कारण कळवायला कुणाला वेळ नसतो, नुसता नकार येतो किंवा तोही येत नाही, म्हणून तो जास्त झोंबतो. ‘सत्यकथा’ १९८२ ला बंद झालं, कथा छापणारी मासिकंही आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, त्यामुळे नवीन कथालेखकासाठी वर्षातून एकदा येणारी दिवाळी हीच मोठी खिडकी उरलीय. काशिनाथ रघुनाथ मित्रांनी १९०९ मध्ये ‘मनोरंजन’ मासिकाचा पहिला दिवाळी अंक काढला, आज दरवर्षी शेकडो निघतात, तरी त्यात कथा येऊनसुद्धा कुणी वाचली की नाही याचा पत्ता लेखकाला बहुतेक वेळा लागत नाही. मानधन किती मिळतं ते विचारूच नका. अशा ठिकाणी एका वाचकाचे चार ओळींचे शब्द किती दिवस पुरत असतील याचा विचार करा.

ज्यांच्या ओळखीचं, घरातलं कुणी लिहितं आणि जे हे वाचतायत त्यांनाही थोडं सांगते. मत मागितलं नसेल तर दोष काढू नका. कथा बाहेर जायच्या आधी विचारलं तर मोकळेपणी सांगा, तेव्हा ते बदलता येतं. छापून आल्यावर आवडलेलं तेवढं सांगा, अंक हातात घेऊन ती खुशीत असताना तिसऱ्या पानावरची चूक दाखवायची काही गरज नसते, ते पुढे कधीतरी बोलता येतं. पात्राचं नाव घेऊन बोला, प्रसंग सांगा, वाचून झाल्यावर दुसऱ्या दिवशी काय आठवलं ते सांगा. आणि आवडलं नाही, पण का ते सांगता येत नाही, असं झालं तर तेवढंच सांगा की कुठून मन लागलं नाही, पुरतं.

लिहिणाऱ्यांनाही एक विनंती, “कशी वाटली” असं विचारलं की समोरचा घाबरतो. “शेवट पटला का”, “सासूचा राग आला का” असं नेमकं विचारा, उत्तर नेमकं मिळेल. आणि पहिला वाचक एकच ठेवू नका, दोघे-तिघे असू द्या, म्हणजे एकावर सगळं येत नाही.

तुम्हाला शेवटचं एक काम सांगते, ते दिवाळीनंतरचं आहे. तिची ही कथा छापून आली तर अंक विकत घ्या, वाचनालयातून आणून वाचू नका, आणि तिला मेसेज कराल तसाच एक ईमेल किंवा पत्र संपादकांनाही पाठवा, अमुक पानावरची अमुक कथा का आवडली ते चार ओळींत. पत्ता आतल्या पानावर, संपादक-प्रकाशकाच्या नावाखाली छापलेला असतो. असं पत्र आलं की ते ऑफिसात वाचलं जातं आणि पुढच्या वर्षी कुणाकडे कथा मागायची याची यादी करताना ते नाव आठवतं. पण ते नंतर. आधी आज-उद्यात तिला मेसेज करा.